स्टॉप दाबला तरी मशीन चालूच: पुश बटनाचा एलिमेंट बदलताना

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर प्लॅस्टिक स्क्रॅपचा गाळा आहे. तिथल्या ग्राइंडरचे पट्टे बदलायला गेलो होतो. पट्टे चढवले, ताण बघितला, ट्रायल घेतली आणि थांबवायला लाल बटन दाबलं. ग्राइंडर चालूच. दाबून धरलं, तरी चालूच. तिथला ऑपरेटर पोरगा अजिबात न गडबडता भिंतीपाशी गेला आणि त्याने एमसीबी पाडली. "काका, स्टॉप पंधरा दिवस झाले चालत नाही. आम्ही असंच बंद करतो."

स्टार्टरच्या पेटीचं दार उघडलं, तर लाल बटनामागचा एलिमेंट, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा तुकडा, खाचेतून सुटून दोन वायरींना लोंबकळत होता. जळला नव्हता, तुटला नव्हता, मीटरला लावला तर नव्यासारखा. पुढून बटन दाबल्यावर त्याला ढकलणारं काही उरलं नव्हतं, एवढंच.

एलिमेंट बदलणं हे आपल्याकडे शिकाऊ पोराच्या हाती द्यायचं काम समजतात. दोन स्क्रू, दोन वायरी, दहा मिनिटं. मी ते इथे मुद्दाम लांबण लावून सांगतोय, कारण या कामातली चूक स्टार्टच्या बाजूला झाली तर लगेच बोंब होते आणि स्टॉपच्या बाजूला झाली तर गप्प बसते. स्टार्टला एनओ एलिमेंट असतो, म्हणजे बटन दाबल्यावरच जुळणारा. तो सुटला की मशीन सुरूच होत नाही, दोन मिनिटांत फोन येतो. स्टॉपला एनसी असतो, म्हणजे बटन न दाबता जुळलेला. तो सुटून पडला की कायमचा जुळलेलाच राहतो. मशीन मस्त सुरू होतं, दिवसभर चालतं, आणि थांबवायची वेळ येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

मग स्टॉपला एनसी लावतातच का? वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, तर मशीन आपोआप थांबावं म्हणून. पद्धत बरोबरच आहे. पण एलिमेंट बटनापासून वेगळा होणं, ही गोष्ट तिच्या तावडीतून सुटते.

बटन म्हणजे तीन तुकडे

पुढे दिसतं ते हेड. पॅनलच्या दाराच्या आतून त्याला आवळणारी कॉलर. आणि कॉलरला मागून चिकटणारा एलिमेंट, ज्याला कॅटलॉगमध्ये कॉन्टॅक्ट ब्लॉक म्हणतात. नव्वद टक्के वेळा बिघडतो तो एलिमेंट, पण दुकानात जाऊन लोक पूर्ण बटन घेऊन येतात. नुकसान फार नाही, पण पूर्ण बटन बदलायचं तर हेड काढावं लागतं, त्याचं रबर वायसर हलतं, आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं. हेड ठीक असेल तर त्याला हात लावू नका.

एलिमेंटच्या अंगावर आकडे असतात. दुसरा आकडा महत्त्वाचा: १ आणि २ म्हणजे एनसी, ३ आणि ४ म्हणजे एनओ. पहिला आकडा फक्त क्रम सांगतो. म्हणून ११-१२ आणि २१-२२ हे एनसी, १३-१४ आणि २३-२४ हे एनओ. बहुतेक मोठ्या कंपन्यांत एनओचा दट्ट्या, म्हणजे बटन ज्याला ढकलतं तो खुंटा, हिरवा आणि एनसीचा लाल असतो. श्नायडरचा झेडबीई १०१ हिरवा, १०२ लाल. पण जुन्या पॅनलांत सगळे काळेही भेटतात, तेव्हा रंगावर विसंबू नका, आकडे वाचा. आणि बटनाच्या रंगाचा एलिमेंटच्या रंगाशी काही संबंध नाही. लाल बटनामागे कोणीतरी हिरवा एलिमेंट लावून ठेवलेला मी पाहिलाय.

दोषी एलिमेंटच आहे का, ते आधी बघा

मोटर थेट लाइनवर घेणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरचं कंट्रोल असं जातं: फ्यूज किंवा एमसीबी, मग मोटरने जास्त करंट घेतला की तोडणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा ९५-९६, मग स्टॉपचा ११-१२, मग स्टार्टचा १३-१४, शेवटी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचे ए१-ए२. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच, कॉइलला वीज मिळाली की तो ओढला जातो. स्टार्टच्या १३-१४ ला समांतर कॉन्टॅक्टरचा स्वतःचा १३-१४, म्हणजे होल्डिंग, स्टार्ट सोडल्यावरही कॉइल धरून ठेवणारं. हा क्रम डोक्यात असला की लक्षणावरून अर्धं निदान होतं.

स्टार्ट दाबून धरला तोवर चालतं, सोडला की बंद: एलिमेंट सोडा, होल्डिंग बघा. स्टार्ट दाबून काहीच होत नाही: आधी ओव्हरलोड ट्रिप आहे का ते पाहा, मग स्टॉपचा एनसी उघडा राहिलाय का, आणि त्यानंतर स्टार्टचा एनओ. लोक उलट्या क्रमाने जातात आणि चांगला स्टार्ट एलिमेंट फेकून देतात.

स्टॉप दाबून मशीन थांबत नाही, हे सगळ्यात वाईट लक्षण, आणि त्याला दोन वेगळी कारणं आहेत. स्टॉप दाबून धरून कॉइलच्या ए१-ए२ वर व्होल्टेज मोजा. व्होल्टेज तसंच असेल तर दोष एलिमेंटमध्ये किंवा वायरिंगमध्ये. व्होल्टेज गेलं आणि तरी मोटर फिरतेय, तर कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्ट चिकटलेत. अशा वेळी दहा एलिमेंट बदलून उपयोग नाही, कॉन्टॅक्टर बदला.

मीटर कसा लावायचा, यावर थोडं थांबतो. पहिली चूक बझरची. कितीतरी मल्टिमीटर तीस-चाळीस ओहमपर्यंतही बेधडक वाजतात. वाजला म्हणजे कॉन्टॅक्ट चांगला, असं नाही. ओहम रेंजला लावा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा, आणि उरलेलं एक ओहमच्या आत आहे का बघा. त्यासाठी वीज बंद आणि निदान एका बाजूची वायर सुटी हवी, नाहीतर समांतर रस्त्याने कॉइलचाच रेझिस्टन्स मोजत बसाल.

दुसरी चूक व्होल्टेजची. एक प्रोब परतीच्या बाजूला ठेवायचा, २३० ची कॉइल असेल तर न्यूट्रलवर आणि ४१५ ची असेल तर दुसऱ्या फेजवर. दुसऱ्या प्रोबने ११ बघायचा, मग १२. दोन्हीकडे पूर्ण व्होल्टेज दिसलं की एनसी ठीक, असं वाटतं. पण मशीन बंद असताना त्या रस्त्याने करंटच वाहत नाही. काजळी धरलेला कॉन्टॅक्टसुद्धा डिजिटल मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरी परीक्षा लोडवर. सोबत्याला स्टार्ट दाबून धरायला सांगा आणि प्रोब थेट ११-१२ वर लावा. जुळलेल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य यायला हवं. दहा-वीस व्होल्ट दिसले तर एलिमेंट गेला. हे चालू विजेवरचं काम आहे. वायरमनचा परवाना आणि सवय असलेल्या माणसानेच करावं, आणि मोटरचा पॉवर सप्लाय वेगळा पाडता येत असेल तर पाडूनच.

पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरला, जोडलेलं बटन असेल तर इनपुटची एलईडी बघत बटन सावकाश दाबा-सोडा. एलईडी लुकलुकली तर कॉन्टॅक्ट मैला आहे.

कोणता एलिमेंट घ्यायचा

पहिली गोष्ट, त्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेचा. औद्योगिक बटनांची भोकं मुख्यतः दोन मापांची, २२.५ मिलिमीटर आणि ३०.५ मिलिमीटर. आपल्याकडे बहुतेक २२ चाच कारभार. भोक सारखं म्हणून एलिमेंट सारखा, असं मात्र नसतं. भोकाचं माप ठरलेलं आहे, मागच्या खाचेचं प्रत्येकाचं वेगळं. श्नायडरचा सीमेन्सला बसत नाही, ईटनचा टेक्निकला बसत नाही. एकाच कंपनीची जुनी मालिका नव्या मालिकेला बसत नाही, हेही होतं. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा धंदा २०२० मध्ये श्नायडरने घेतला आणि २०२४ पासून तो लॉरिट्झ नूडसेन या नावाने चालतो. जुन्या पॅनलवर एक नाव आणि नव्या खोक्यावर दुसरं दिसलं तर दचकू नका, पण मालिका जुळवून घ्या.

खरा धोका "बसतो हो, बिनधास्त घ्या" म्हणून दिल्या जाणाऱ्या नकलांचा. बसतोही. पण दट्ट्याची उंची एखाद्या मिलिमीटरने कमी असली, तर बटन तळापर्यंत दाबूनही एनसी जेमतेम उघडतो. आज उघडेल. हेड झिजल्यावर उघडणार नाही.

दुसरी गोष्ट, एलिमेंट दाराच्या बाजूने लागतो की पेटीच्या तळाला. पॅनलमध्ये तो दारावरच्या कॉलरला लागतो. पण दोन-तीन बटनांच्या छोट्या सुट्या पेटीत बऱ्याचदा एलिमेंट तळाला बसवलेले असतात आणि झाकण लावलं की वरचं बटन त्यांच्यावर येऊन टेकतं. दोन्हींचे कॅटलॉग नंबर वेगळे. ही चूक दुकानातून परत आल्यावरच कळते.

तिसरी गोष्ट रेटिंग. एलिमेंटवर १० अँपिअर लिहिलेलं दिसतं आणि लोक त्यावर वाट्टेल ते चालवतात. तो आकडा नुसता करंट वाहून नेण्याचा आहे, तोडण्याचा नाही. कॉइलसारखा लोड तोडण्यासाठी एसी-१५ आणि डीसी-१३ हे आकडे बघायचे. नावाजलेल्या २२ च्या एलिमेंटवर एसी-१५ ला २४० व्होल्टला ३ अँपिअर आणि डीसी-१३ ला २५० व्होल्टला फक्त ०.२७ अँपिअर असं लिहिलेलं सापडतं. एवढा फरक का? ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणली जाते. ९ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरची एसी कॉइल ओढून घेताना साधारण ७० व्हीए घेते, २३० ला ०.३ अँपिअर. त्याला एलिमेंट भरपूर. पण डीसीवरचा मोठा सोलेनॉइड (दांडा ओढणारी कॉइल) थेट बटनावर घेतला असेल तर मध्ये रिले टाका.

उलट टोकाला २४ व्होल्टचा पीएलसी इनपुट. तिथे करंट पाचेक मिलिअँपिअर. कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात, आणि हवेतल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. २३० व्होल्टची कॉइल असली की ठिणगी तो थर जाळून टाकते. पाच मिलिअँपिअरला तेवढं बळ नसतं. म्हणून कॉन्टॅक्टरवर वर्षानुवर्षं चाललेला एलिमेंट काढून पीएलसीला लावला की नखरे करतो. तळोजासारख्या केमिकलच्या पट्ट्यात हे जास्त दिसतं. तिथे सोन्याचा मुलामा असलेले एलिमेंट घ्या, पण एकदा तो कॉइलवर वापरला की मुलामा उडतो, मग परत पीएलसीला लावू नका.

लोहार चाळीत जाताना

लोहार चाळ म्हणजे मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार. जुना एलिमेंट खिशात घ्या. मागून कॉलरचा आणि पुढून हेडचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. "लाल बटनाचा पार्ट द्या" म्हटलं तर पूर्ण बटन हातात पडेल. "अमुक कंपनी, अमुक सिरीज, एनसी एलिमेंट" असं सांगा. लोहार चाळीत सगळं मिळतं, सीएसएमटीहून चालत पोचता येतं. मात्र रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. पक्कं बिल मागितलं की काउंटरखालून येणारा माल आणि खोक्यातून येणारा माल यांतला फरक आपोआप कळतो. काउंटरवरच अंगठ्याने दट्ट्या दाबून बघा. कुठेही न अडखळता जायला हवा आणि सोडल्यावर टचकन वर यायला हवा. एकाऐवजी तीन घ्या. लोकलच्या भाड्याचा आणि अर्ध्या दिवसाचा हिशेब केला तर दोन जास्तीचे एलिमेंट स्वस्त पडतात.

वीज बंद, आणि ती खरंच बंद

ऑपरेटरला आणि सुपरवायझरला तोंडाने सांगा. आयसोलेटर, म्हणजे मशीनचा मुख्य स्विच, पाडा, त्याला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात. कुलूप घालायची सोय नसेल तर फ्यूज काढून सोबत ठेवा. आपल्याकडच्या गाळ्यांमध्ये मीटर रूम खाली आणि मशीन वर, त्यामुळे "कोणीतरी चालू केलं" हे नेहमीचं आहे.

आयसोलेटर पाडला म्हणजे पॅनल मेलं, असंही नाही. दारावरच्या बटनांमध्ये दुसऱ्या पॅनलमधून आलेली इंटरलॉकची वायर असू शकते, दिव्याचा सप्लाय वेगळा असू शकतो. म्हणून मीटर आधी माहीत असलेल्या चालू पॉइंटवर लावून बघा, मग या एलिमेंटच्या प्रत्येक स्क्रूवर, मग परत त्या चालू पॉइंटवर. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात प्रोबची वायर तुटली असेल तर मेलेला मीटर चालू वायरीलाही शून्यच दाखवणार. पॅनलमध्ये मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह असेल तर त्यावर लिहिलेली मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

काढणं आणि बसवणं

फोटो काढा, दोन काढा, एक लांबून आणि एक आकडे वाचता येतील असा. वायरींवर नंबराचे फेरूल नसतील तर कागदी टेप चिकटवून "११", "१२" लिहा. दोनच वायरी आहेत, लक्षात राहतील, असं म्हणू नका. एका स्क्रूखाली दोन वायरी निघतात, त्यातली एक पुढच्या बटनाला गेलेली लूप असते. ती चुकली की पुढचं बटन मरतं.

स्क्रू ढिला करा, पूर्ण बाहेर काढू नका. बहुतेक एलिमेंटचे स्क्रू सुटून न पडणारे असतात, पण जुन्यांचे पडतात, आणि पडलेला स्क्रू थेट कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर जातो.

एलिमेंट काढायची रीत मालिकेप्रमाणे बदलते. काहींना बाजूला छोटी जीभ असते, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती जरा बाहेर उचलली की एलिमेंट त्या बाजूने वर येतो. काहींना कॉलरवर खटका असतो, तो फिरवला की कॉलर सगळ्या एलिमेंटसकट हेडपासून सुटते. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी टॉर्च मारून बघा. पाच-सात वर्षं मशीनशेजारी तापलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि कॉलरचा दात मोडला की एलिमेंटच्या जागी कॉलरही आणावी लागते.

आता जुना आणि नवा शेजारी ठेवा. आकडे तेच आहेत का, दट्ट्याची उंची तीच आहे का, जीभ त्याच बाजूला आहे का. मीटर लावून नवा अंगठ्याने दाबा. एनसी दाबल्यावर उघडतो, एनओ दाबल्यावर जुळतो. नव्यातही उलटा आलेला मला एकदा मिळालाय.

बसवताना आधी एक बाजू खाचेत अडकवा, मग दुसरी बाजू अंगठ्याने दाबा. "टक" असा एकच आवाज येतो आणि बोटाला तो कळतो. आवाज आला नाही तर बसला नाही. मग नखाने एलिमेंट आणि कॉलरमधली फट चाचपा, चारही बाजूंनी सारखी हवी, आणि एलिमेंट धरून मागे ओढून बघा. ग्राइंडरवाल्या गाळ्यात हेच राहून गेलं होतं. एक बाजू अडकलेली, दुसरी नुसती टेकलेली. काही आठवडे चाललं, मग थरथरीने सुटलं.

दिव्याच्या बटनात मधली जागा बहुतेक दिव्याच्या ब्लॉकची असते, एनसी-एनओ दोन्ही कडेला. एलिमेंटवर एलिमेंट चढवता येतो, पण जितके थर तितका दाबायला जोर जास्त. कंपनीने सांगितलेल्या संख्येच्या वर जाऊ नका.

वायरीचं टोक सातेक मिलिमीटर सोला, पिन लग दाबा, तांब्याचा एकही केस बाहेर राहू देऊ नका. साधारण एका स्क्रूखाली दीड चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी मावतात, त्याहून जास्त कोंबू नका. स्क्रू ०.८ ते १.२ न्यूटन-मीटर असा आवळायचा असतो. टॉर्क ड्रायव्हर प्रत्येकाकडे नसतो हे मला माहीत आहे. मनगटाने आवळा, खांद्याने नको, आणि शेवटी प्रत्येक वायर एक-एक करून ओढा. दार उघड-बंद करताना वायरी एलिमेंटला खेचणार नाहीत एवढी ढील ठेवून बंडल बांधा.

तपासणी: आधी स्टॉप

वीज बंदच आहे. ओहम रेंजला मीटर लावा आणि आता पुढून बटन दाबा. मागून एलिमेंट दाबून काही सिद्ध होत नाही, सुटलेला एलिमेंटही मागून दाबला तर उत्तम चालतो. पुढून दहा वेळा दाबा. सरळ दाबा, कडेने दाबा, हातमोजा घालून दाबा.

मग वीज द्या. पहिली चाचणी अशी: स्टॉप दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने स्टार्ट दाबा. मशीन सुरू व्हायला नको. झालं, तर स्टॉप कामाचा नाही, परत आयसोलेटर पाडा. मशीन एकदाही न फिरवता स्टॉपची परीक्षा होते, म्हणून ही मला सगळ्यात आवडते. त्यानंतर सुरू करा, थांबवा, परत सुरू करा आणि चालू असताना पॅनलच्या दारावर हाताने थापा मारा. थापेने मशीन बंद पडलं तर एखादा स्क्रू ढिला आहे.

इमर्जन्सी स्टॉपला वेगळा न्याय

पिवळ्या पट्टीवरच्या लाल मशरूमला हातात येईल तो एनसी लावायचा नाही. त्याच्या एनसीवर वर्तुळातल्या बाणाची खूण हवी. त्या खुणेचा अर्थ, कॉन्टॅक्ट चिकटला तरी दट्ट्या त्याला स्प्रिंगच्या भरवशावर न ठेवता जबरदस्तीने उघडतो. आयईसीच्या ६०९४७-५-१ या आंतरराष्ट्रीय मानकात हे येतं. पण ही खूणही एलिमेंट कॉलरला चिकटलेला असेल तोवरच कामाची. त्यासाठी स्वतःवर नजर ठेवणारे एलिमेंट मिळतात. त्यांच्या आत एनसीच्या सिरीजमध्ये आणखी एक कॉन्टॅक्ट असतो, तो एलिमेंट नीट बसला तरच जुळतो. एलिमेंट सुटला की तो उघडतो आणि मशीन थांबतं. पैसे जास्त जातात. थरथरणाऱ्या मशीनवर मी दुसरा लावत नाही.

सेफ्टी रिलेला, म्हणजे इमर्जन्सी स्टॉपवर लक्ष ठेवून मशीन पाडणाऱ्या रिलेला, दोन चॅनल असतील, ११-१२ आणि २१-२२, तर दोन्ही एलिमेंट एकदम बदला. आणि चाचणी एक-एक चॅनलची घ्या: एका एलिमेंटची एक वायर सोडून रिले पडतो का बघा, मग दुसऱ्याची. मशरूम फिरवून वर आणल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी स्टार्ट वेगळा दाबावाच लागला पाहिजे. आणि "पार्ट येईपर्यंत" मारलेला जम्पर, म्हणजे बटन वगळून जोडलेली वायर, कधीच येईपर्यंतचा नसतो. आणीबाणीत वीज तोडायचं साधन चालू स्थितीत राखायला हवं, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं.

सिलेक्टरमधली गोम

मॅन्युअल-ऑफ-ऑटो असा तीन ठिकाणी थांबणारा सिलेक्टर, म्हणजे फिरवायचं बटन, असेल, तर डावा एलिमेंट एका बाजूला फिरवल्यावर दाबला जातो आणि उजवा दुसऱ्या. दोन्ही एनओ, दिसायला जुळे. मागून काढताना डावं-उजवं उलटं दिसतं. अदलाबदल झाली की ऑटोवर मॅन्युअल चालतं. एकावेळी एकच काढा, तो बसवा, मगच दुसरा.

परत परत जात असेल तर

एकाच जागचा एलिमेंट वर्षात दोनदा गेला, तर जुना फेकण्याआधी उघडून बघा. काळे खड्डे दिसले तर कॉइलची ठिणगी खातेय: डीसी कॉइलला उलटा डायोड, एसीला आरसी सप्रेसर लावा. डायोडने कॉइल सोडायला थोडा उशीर होतो, ब्रेकच्या सोलेनॉइडला लावताना ते लक्षात घ्या. हिरवट पावडर दिसली तर पाणी येतंय. हेडचं आयपी-६५, म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा, हे पुढच्या बाजूपुरतं, मागचा एलिमेंट बऱ्याचदा आयपी-२० चा, म्हणजे बोट जाणार नाही एवढंच. वरून आलेल्या केबलचा ग्लँड, म्हणजे पेटीत शिरते तिथलं आवळतं बूच, बघा. जुलैत पाणी केबलवरून ओघळत थेट बटनांवर येतं. केबल खालून घ्या, निदान पेटीत शिरण्याआधी तिला खाली वळसा द्या. तेलकट दिसला तर ऑपरेटरचे हात आणि फाटलेलं रबर बूट. काहीही असलं तरी कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर मारू नका, चांदीचा थर पातळ असतो, आणि गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका, त्याच्यावर धूळ बसते.

आणि एलिमेंट शाबूत पण सुटलेला मिळाला, तर थरथर. भांडुपला स्टार्टरची पेटी ग्राइंडरच्या फ्रेमवरच बोल्ट केलेली होती. ती भिंतीवर घेतली, मधे लवचीक कन्ड्युट टाकला, नवी कॉलर आणि स्वतःवर नजर ठेवणारा एनसी लावला. दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि कॅटलॉग नंबर लिहिला, शेजारी जास्तीच्या दोन एलिमेंटची पिशवी टेपने चिकटवली. पोराला म्हटलं, रोज सकाळी पहिला स्टार्ट स्टॉप दाबून धरूनच दाबायचा. सुरू झालं तर मला फोन.